दिवसपाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. आणि देवाला — त्याला काय सांगायचं, त्याला ठाऊकच आहे.

सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये मी वर्षानुवर्षं शब्बाथशाळा घेतली. रविवारी उपासनेआधी लहान मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, वचनं पाठ करून घ्यायची. लेकरासारखा विश्वास ठेवावा, हे तर मी इतक्यांदा शिकवलंय की झोपेतही म्हणेन. आणि आम्हा मंडळींची एक सवय आहे. कुणी दुःख सांगितलं की आम्ही म्हणतो, "प्रार्थनेत आठवण ठेवते." ठेवतो का? कधी ठेवतो, बहुतेकदा फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरलेलो असतो. मोठ्यांना ते कळतं. तेही तसंच म्हणतात.

सलोमीला कळत नव्हतं. सात-आठ वर्षांची असेल. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई दवाखान्यात — दोन्ही किडन्या गेलेल्या. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सवयीनं तेच वाक्य म्हणाले. तिनं ते खरं धरलं. थोडा विचार करून म्हणाली, "बाई, मग पाळ्या लावू की. दिवसपाळी तुमची, रातपाळी माजी. म्हंजे मदी खंड पडायचा न्हाय."

मला हसू आलं. बरं म्हणाले. मग दर रविवारी ती विचारायची, "केली न्हवं बाई?" आणि मी मान डोलवायचे.

खरं सांगू? एकदाही केली नाही. सकाळी नळाला पाणी आलेलं असायचं, डबे करायचे असायचे — पण ही कारणं झाली. एका वाक्याची प्रार्थना गॅस पेटवतानाही होते. केली नाही, बस.

उन्हाळ्यात तिची आई गेली.

दफनविधी आटोपल्यावर कबरस्तानाच्या फाटकापाशी सलोमी माझ्याजवळ आली. रडत नव्हती. माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "बाई, माजी एक रात चुकली. झोप लागली मला. तुमची कदी चुकली का?"

आता तुम्हीच सांगा, काय अवघड होतं? माझ्याही चुकल्या बाळा, एवढं म्हटलं असतं तरी तिचं ओझं निम्मं झालं असतं. सगळ्याच चुकल्या म्हटलं असतं, तर कदाचित पुरतंच उतरलं असतं. पण आजूबाजूला मंडळी उभी होती. आणि मला — मला तिच्या नजरेत चांगली बाई राहायचं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "एकदाही नाही."

तिनं मान खाली घातली. पदर सोडला आणि वडिलांकडे गेली.

सलोमी आता मोठी झाली. माझे गुडघे गेल्यापासून शब्बाथशाळा तीच घेते. परवाच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसले होते. ती मुलांना प्रार्थनेविषयी सांगत होती — आईचं आजारपण, त्या पाळ्या, स्वतःची चुकलेली ती एक रात्र. इतक्या वर्षांनीही तिथं तिनं मान खाली घातली. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "पण आपल्या बाईंनी एक दिवससुद्धा चुकवला नाही."

सगळी लेकरं वळून माझ्याकडे बघायला लागली.

मी मान डोलवली.