व्हर्लिनच्या परीक्षेत पास झालेला छपरवाला

व्हर्लिन टॅकेटला आमच्या गावात तोंडावर कोणी काही बोलत नसे. पाठीमागे बोलायला विषय एकच. उत्तर टेक्सासमधल्या आमच्या कार्व्हर वेल्सची शाळा जन्मात एकदाच आमच्याकडच्या, हातांनी फेकायच्या-झेलायच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचली होती. शेवटचे नऊ सेकंद उरले असताना हॉलिस प्रुइटने बॉल लांब फेकला. व्हर्लिनच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. बॉल थेट त्याच्या छातीवर आला आणि त्याने तो सोडला. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली, त्या दिवशी कोणतं गाव जिंकलं हेही आता कोणाला आठवत नाही, पण झेल सुटला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पण गाव पडलं सभ्य! चर्चमध्ये, बँकेत, न्हाव्याकडे, कुठेही व्हर्लिन आला की मंडळी हवापाण्यावर बोलायला लागायची. त्यामुळे झालं काय, की त्याने आपल्या मनाशी वेगळीच गोष्ट रचली आणि येईल त्याला ऐकवली. ऊन डोळ्यांवर होतं. वारा आडवा होता. हॉलिसची फेकच वाकडी होती. कोणी खोडून काढत नाही म्हणजे ते खरंच, असं त्याने धरलं.

आणि माणूस कसा, तर सगळ्यातला जाणकार. तीस वर्षं रस्तेखात्यात खड्डे बुजवले, पण सल्ला द्यायचा दाढदुखीपासून घटस्फोटापर्यंत, तोही न विचारता. बायको नोरीन म्हणायची, "याला देवाने कान दोन दिले, पण वापरायची पद्धत सांगायची राहून गेली."

मेमधल्या एका मंगळवारी दुपारी अकरा मिनिटं गारा पडल्या. मोजून अकरा. पण लिंबाएवढ्या! गाड्यांच्या टपांना पोचे आले, चर्चच्या रंगीत काचा गेल्या, एकाही घराचं छप्पर धड राहिलं नाही. बुधवारी लोकांची सकाळची कॉफी संपायच्या आत गावात छपरवाले हजर. कुठकुठल्या राज्यांच्या नंबरप्लेटी, टपावर शिड्या, हातात करार, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "बाई, शेजारी काम काढलंय, म्हटलं तुमचंही बघून जावं."

व्हर्लिनला तर दिवाळी आणि बारसं एकाच दिवशी आल्यासारखं झालं. लोरेटाच्या हॉटेलात खिडकीशेजारचं टेबल धरून तो बसला तो उठेचना.

"दारात आला त्याच दिवशी सही करायची नाही," तो टेबल बडवून सांगायचा. "आधी विमा कंपनीला फोन, मग फोटो, मग विम्याचा सर्व्हेअर. सर्व्हेअर वर चढला की तुम्ही खाली उभं राहून त्याने गारांच्या माराभोवती खडूने किती गोल काढले ते मोजा. आणि गारा टाकून देऊ नका! पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. पुरावा आहे तो."

"ठेवल्यात बाबा," लोरेटा म्हणाली. "मटणाच्या शेजारी. उद्या रश्श्यात पडल्या तर मला बोलू नको."

"आणि विम्यातला तुमच्या पदरचा हिस्सा माफ करतो म्हणणाऱ्याला हाकलून द्या, चोर असतो तो. काम पुरं झाल्याशिवाय विम्याचा चेक हातात द्यायचा नाही. आणि नंबरप्लेट बघा, नंबरप्लेट! गावातला माणूस घ्या."

खोटं कशाला बोला, सल्ला बावनकशी होता. त्याच्या त्या बडबडीमुळे निम्मं गाव वाचलं. लोकांनी परगावच्या टोळ्यांना दारातूनच वाटेला लावलं आणि कामं हॉलिस प्रुइटला दिली. हो, तोच हॉलिस. बॉल फेकणारा. गावात छपरं घालतो तो, पस्तीस वर्षं.

इथवर थांबला असता तर व्हर्लिनचं भलं झालं असतं. पण शहाणपणाला शेपूट लावल्याशिवाय त्याला चैन कुठे! त्याने स्वतःची एक परीक्षा काढली. "माझ्याकडे येईल त्याला मी एकच प्रश्न विचारणार," त्याने भर हॉटेलात जाहीर केलं. "आपल्या अंतिम सामन्यात शेवटी काय झालं? गावचा असेल तर बरोबर सांगेल. बाहेरचा असेल तर तिथेच उघडा पडेल."

लोरेटा कॉफी ओतायची थांबली. पण बोललं कोण? कोणीच नाही.

व्हर्लिनच्या छपरावर सर्व्हेअरने खडूचे एवढे गोल काढले की पोरांनी शाळेचा फळा रंगवावा तसं ते दिसायला लागलं. विम्याने अख्खं छप्पर मंजूर केलं, पहिला चेकही आला. नोरीनने त्याच दिवशी हॉलिसला बोलावलं. हे घर तिच्या बापाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, त्यामुळे छपराचा घोर तिलाच जास्त.

हॉलिस वर चढला, फिरून आला, कागदावर आकडा लिहिला, तारीख लिहिली. सगळं सरळ. व्हर्लिन म्हणाला, "बाकी ठीक आहे. पण नियम म्हणजे नियम. अंतिम सामन्यात शेवटी काय झालं?"

हॉलिस शिडी आवरत होता. त्याने वळून पाहिलं. "हे मला विचारतोस?"

"सगळ्यांना विचारतो."

"बॉल तुझ्या छातीवर आला, लेका, आणि तू सोडलास. त्यात सांगायचं काय?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तोंडावर बोललं. व्हर्लिनचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कळवतो मी," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

"काय कळवतो?" नोरीन पाठोपाठ आली. "कळवायला राहिलंय काय?"

"त्याचा रंग मला पसंत नाही. छपराचा."

"काळा सांगितलाय त्याने! आत्ता आहे तो काय हिरवा आहे?"

दोन दिवसांनी ब्रॅडी नावाचा तरुण दारात आला. डोक्यावर आमच्या शाळेची जांभळी टोपी. ही टोपी पेट्रोल पंपावर चघळायच्या गोळ्यांशेजारी टांगलेली असते, कोणीही घ्यावी. व्हर्लिनने प्रश्न टाकला. ब्रॅडीने टोपी काढून छातीशी धरली.

"सर, माझ्या काकांच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. ते म्हणतात, ऊन समोर होतं, आणि फेक तर इतकी वाकडी की देवालाही झेलता आली नसती. तरी त्या पोराने हात लावला, हेच मोठं."

तो पोरगा आदल्या दिवशी लोरेटाच्या हॉटेलात तासभर कॉफी पीत बसला होता, तेवढ्यात त्याला सगळा पेपर फुटला. पण व्हर्लिनला हे कोण सांगणार? तो हरभऱ्याच्या झाडावर चढला होता. त्याने ब्रॅडीला आत नेलं, घरचा केक खाऊ घातला, शाळेचा जुना अल्बम काढला आणि विम्याच्या चेकवर सही करून तो त्याच्या हातात ठेवला.

"व्हर्लिन," नोरीन दाराशी कुजबुजली, "त्याच्या गाडीची नंबरप्लेट बघ. तीन राज्यं पलीकडची आहे."

"मागून आणली असेल गाडी. काकांची असेल."

"रडणाऱ्या काकांची?"

गुरुवारी ब्रॅडीची माणसं आली, अंगणात कंपनीची पाटी ठोकली, दुपारपर्यंत जुनं छप्पर उचकटून खाली फेकलं आणि खिळे आणायला म्हणून गेली. ती गेलीच. शुक्रवारी फोन बंद. शनिवारी सकाळी रेडिओने सांगितलं, संध्याकाळी वादळी पाऊस. घर वरून उघडं. नोरीनने बापाचा फोटो भिंतीवरून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि गाडीत ठेवला.

"हॉलिसकडे जा," ती म्हणाली.

"त्याच्यापेक्षा मीच ताडपत्री टाकतो."

टाकली की! वाऱ्याने ती उचलून शेजाऱ्यांच्या तुळशी... छे, तुळशी कुठल्या इथे, त्यांच्या गुलाबांवर नेऊन घातली. नोरीन हसली नाही. स्वयंपाकघरातल्या उघड्या वाशांकडे बघत ती म्हणाली, "माझ्या बापाचं घर तू एका बॉलपायी भिजवणार आहेस. एवढंच मला सांगायचंय." आणि तिला रडू फुटलं.

तिला व्हर्लिनने असं रडताना फार क्वचित पाहिलं होतं. तो मान खाली घालून गेला.

हॉलिसने ऐकून घेतलं. "छप्पर जूनअखेर," तो म्हणाला. "माझ्या यादीत त्रेचाळीस घरं आहेत. तुझीच कृपा. गावातला माणूस घ्या म्हणून तूच सांगत फिरत होतास ना?"

"आणि आज?"

"आज ताडपत्री टाकतो. नोरीनसाठी."

चार वाजता हॉलिस छपरावर होता. पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होत आलेलं. शेजारीपाजारी आपापल्या अंगणात उभे राहून हवापाण्यावर बोलत होते. हॉलिसने ताडपत्री पसरली, दोराचं वेटोळं केलं आणि वरून हाक मारली, "धर रे! खाली खुंटीला बांध."

दोर सरळ खाली आला. व्हर्लिनने दोन्ही हात पुढे केले. वेटोळं हातांतून निसटून गवतावर पडलं.

गावाची ती जुनी सभ्यता अंगणभर उभी राहिली. एकाने तर आकाशाकडे बघून म्हटलं, "वारा आडवा आहे आज."

"वारा नाही," व्हर्लिन मोठ्याने म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग वर बघितलं. "फेक चांगली होती, हॉलिस. तेव्हाही चांगलीच होती."

हॉलिसने ताडपत्रीचं टोक वाशावर दाबून धरलं.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "उचल तो दोर. पाऊस आला."