येरकाडचा घाट, आईचा गुडघा आणि दोन क्लच

आईने आपली गाडी विकली त्याला वर्ष होत आलं होतं. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, ती चालायला लागली, जिने चढायला लागली, पण क्लच पूर्ण दाबण्याइतका जोर काही त्या पायात परत आला नाही. मग कोल्हापूरचं घर बंद करून ती माझ्याकडे बेंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला आली. तीस वर्षं मुलींना गणित शिकवलेली आणि सुट्टी लागली की स्वतः गाडी काढून आंबा घाट उतरणारी ही बाई दिवसभर बाल्कनीत बसून उड्डाणपुलावरच्या गाड्या बघायची. मला ते बघवेना.

म्हणून मी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली आणि आईने ती चालवावी म्हणून तमिळनाडूतल्या येरकाडच्या डोंगरावर जायचं ठरवलं. इथून सव्वादोनशे किलोमीटर, रस्ता सरळ, शेवटी वीस हेअरपिन वळणांचा घाट. आई म्हणाली, "मला नाही जमायचं." मी म्हटलं, "अगं, क्लच नाहीच त्यात! फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर." पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे, तेव्हा ते लक्षात ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी नागोजीअण्णांना दाखवली. बोम्मनहळ्ळीच्या आतल्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. घराणं मराठी, पण तीन-चार पिढ्या इथंच गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. गाडी जॅकवर चढवून त्यांनी खालून नीट पाहिली आणि विचारलं, "अक्का, ही ड्युअल क्लच आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं, म्हणजे नाव ठाऊक होतं. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर या गिअरबॉक्सचं नाव काढलं की निम्मे लोक "मख्खन!" म्हणतात आणि निम्मे हात जोडतात. दोन्ही का, ते मला अण्णांनी सांगितलं. या गाडीत पायाखाली क्लच नसतो, पण आत दोन असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर; दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि बहुतेक गाड्यांत रिव्हर्स. गाडी दुसऱ्यात पळत असते तेव्हा तिसरा आधीच लावून तयार असतो. त्यामुळे गिअर बदलल्याचं कळतही नाही.

"आता यात दोन जाती," अण्णा म्हणाले. "एक कोरडी, एक ओली. घरात मिक्सर आहे ना? त्यात सुकं खोबरं वाटत राहिलात तर भांडं तापतं, वास येतो, मग बटण पडतं. आणि इडलीचा ग्राइंडर? त्यात पाणी असतं, अर्धा तास फिरला तरी काही नाही. ओल्या जातीत क्लच तेलात बुडलेला, तेल गरमी घेऊन जातं. जोर जास्त सोसतो, पण महाग, आणि वेळेवर तेल बदलावं लागतं. कोरडी जात हलकी, पेट्रोल कमी खाते, पण थंड व्हायला नुसती हवा. तुमची कोरडी."

"म्हणजे वाईट?"

"वाईट नाही, अक्का. हायवेला ही गाडी राणी. सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवलीत की क्लच घासत राहतो आणि तापतो. पुढची गाडी स्वल्प लांब जाऊ दे, मग एकदम जायचं. आणि घाटात चढावर ॲक्सिलरेटरवर धरून उभी नाही करायची. ब्रेक पूर्ण दाबायचा. सरी?"

मीही सरी, म्हणजे बरं, म्हटलं. आईला मात्र यातलं एक अक्षर सांगितलं नाही. क्लच हा शब्द ऐकला की तिचा चेहरा पडायचा, आणि मी तर नुकतंच शपथेवर सांगितलं होतं की क्लच नाहीच.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. तुम्हीही सहाच्या आत निघा, नाहीतर अत्तिबेलेच्या नाक्याआधीच सकाळ संपते. होसूर मागे पडलं की रस्ता मोकळा होतो आणि शूलगिरीच्या आसपास डोंगर दिसायला लागतात. टोल बरेच आहेत. जाता-येता मिळून हजाराच्या आसपास धरून चाला. कृष्णगिरीच्या पुढे एका साध्या खानावळीत नाश्ता केला. पोंगल इतका मऊ होता की आई म्हणाली, "मुगाची खिचडीच की ही, फक्त तुपात पोहलेली." पण तिने दुसऱ्यांदा मागून घेतला.

तिथून गाडी तिच्या हातात दिली. पहिली दहा मिनिटं तिचा डावा पाय हवेतच काहीतरी शोधत होता. मग तो हळूहळू शांत झाला. धर्मपुरीच्या पुढे ती ऐंशीच्या वेगाने, आरसे बघत, ट्रकवाल्यांना शिस्तीत ओलांडत चालली होती. तोप्पूरचा उतार जड ट्रकांमुळे बदनाम आहे, तिथे तुम्हीही घाई करू नका. ती तो उतरली आणि म्हणाली, "गाडी बरी आहे. जरा आज्ञाधारक आहे, एवढंच." मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे तोंड करून बसले.

सेलममध्ये चहा घेऊन घाटाला लागलो. प्रत्येक हेअरपिनला पाटी असते, वीसपैकी कितवं ते लिहिलेलं. चौदाव्या वळणावर गाड्यांची रांग थांबली होती. वरून येणाऱ्या पर्यटकांच्या बसला एका दमात वळता येत नव्हतं, ती मागे-पुढे करत होती आणि तिचा क्लीनर सगळ्यांना हाताने खूण करत ओरडत होता, "मेदुवा, मेदुवा!" दमानं, दमानं. रांग दोन हात सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची.

आई खुशीत होती. आयुष्यभराचं कसब दाखवायची वेळ आली होती. आमच्या आंबा घाटात अर्ध्या क्लचवर गाडी चढावर अशी धरून ठेवायची, की मागच्याला वाटावं ती सपाटीवर उभी आहे. इथे क्लच पायाखाली नाही, तर तिने तेच ॲक्सिलरेटरवर केलं. नुसता अंगठा टेकवल्यासारखा पाय, आणि गाडी ना पुढे ना मागे. "बघ," ती म्हणाली, "हँडब्रेकला हात तरी लावला का?" आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली.

मला अण्णांचं बोलणं आठवलं, शब्दन् शब्द. पण मी गप्प बसले. ते हसू मोडायची माझी छाती झाली नाही.

सातआठ मिनिटांनी आधी वास आला, जळक्या रबरासारखा. मग गाडी थरथरली आणि समोर क्लच तापल्याची सूचना उजळली. आईने ती वाचली. कशीबशी कडेला रुंद जागेत गाडी लावली, गाडीच्या माहितीपुस्तकात बघून ती पार्कमध्ये टाकून इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही थांबलो. वीसेक मिनिटांत सूचना गेली, गाडी ठणठणीत होती. आई नव्हती. ती उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली. "सरक तिकडे. माझ्याच्यानं आता होत नाही. तुझी गाडी जाळायला निघाले होते."

उरलेली वळणं मी चालवली. 

येरकाड छोटं आहे, आणि तेच त्याचं सुख आहे. कॉफीचे मळे, झाडांवर चढलेले मिरीचे वेल, मधोमध तळं. तळ्याकाठी मिरचीची भजी खाल्लीच पाहिजेत, आणि कॉफी पावडर घ्यायची तर समोर दळून देणाऱ्या दुकानातून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पगोडा पॉइंटला गेलो, खाली दरीतली गावं धुक्यातून एकेक करून बाहेर येत होती. आईने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे." वर्गातल्या एखाद्या मुलीने कमी मार्कांचा पेपर दाखवल्यावर ती असंच "ठीक आहे" म्हणायची.

दुपारी तळ्याच्या बाकावर मी सगळं सांगून टाकलं. क्लच आहे, दोन आहेत, कोरडे आहेत, चढावर असं धरायचं नसतं, हे मला आधीच माहीत होतं, आणि काल तुझ्या शेजारी बसूनही मी बोलले नाही. चूक तुझी नाही, माझी आहे.

तिने हातातलं भजं पुडीत परत ठेवलं. मग तिचा वर्गातला आवाज लागला.

"म्हणजे तू मला अर्धं सूत्र शिकवलंस आणि परीक्षेला बसवलंस."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"पाय अधू झालाय माझा, डोकं नाही. सांगायचंस की! मी काय काचेची आहे?" भजीची पुडी माझ्या मांडीवर आपटून ती म्हणाली, "त्या तुझ्या अण्णांना फोन लाव."

फोन स्पीकरवर लावला. पुढची पंधरा मिनिटं तळ्याकाठी तास चालला. आईने वहीही काढली. ती तिच्या पर्समध्ये असतेच. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एक पोळी तव्यावर असते तेव्हा दुसरी लाटून तयार. असंच ना?"

"बरोबर, आई. पण तवा तापला तर दोन्ही करपतात," अण्णा म्हणाले.

"मग मला एका शब्दात सांगा, ही गाडी भरवशाची आहे की नाही?"

"एका शब्दात नाही होत. ओली असती तर गावातल्या गर्दीत जास्त टिकली असती. कोरडीचा क्लच झिजतो, कधीकधी गिअर बदलणारा आतला कंप्युटरचा डबाही गरमीनं जातो, आणि दोन्ही खर्चाची कामं. पण नीट वापरली तर वर्षानुवर्षं चालते. तुमची मी बघितलीय, पहिल्या मालकानं हायवेलाच चालवलीय. कालच्या एका वेळेनं काही बिघडत नाही. वास रोज आला तर माझ्याकडे आणा."

"आणि चढावर?"

"ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, त्याला आराम. निघताना हँडब्रेक लावून ठेवायचा, गाडी पुढे ओढायला लागली की सोडायचा. तो वापरला तर ड्रायव्हरचं नाव खराब होत नाही, आई."

आई हसली नाही, पण तिने ते लिहून घेतलं. संध्याकाळभर ती गाडीचं पुस्तक घेऊन बसली आणि समासात पेन्सिलीने खुणा करत राहिली.

रविवारी दुपारी मी बॅगा भरून खाली आले तर ती स्टिअरिंगसमोर बसलेली. उतारावर गिअर मॅन्युअलवर टाकून स्वतःच्या हातात घेतला, दुसऱ्यात ठेवला आणि ब्रेक फारसा न तापवता वीसची वीस वळणं उतरली. चौदाव्या वळणाला चढून येणाऱ्या टेम्पोसाठी थांबताना तिने ब्रेक पूर्ण दाबला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

खरी परीक्षा होसूरनंतर होती. रविवार संध्याकाळ, अख्खं बेंगळुरू घरी परतत होतं. आईने पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर सोडलं. ती जागा दिसली की स्कूटरवाले शिरायचे, कॅबवाले शिरायचे, मागचे हॉर्न मारायचे. मी म्हटलं, "आई, सगळे घुसतायत." ती म्हणाली, "घुसू दे. त्यांच्या घरी कोणीतरी वाट बघतंय. माझी मुलगी माझ्या शेजारीच आहे." अत्तिबेले ते घर दीड तास लागला. वास आला नाही.

तुम्ही अशी गाडी घेणार असाल तर माझा हिशोब साधा आहे. रोज गावातल्या गर्दीतच चालवायची असेल तर आधी ओली की कोरडी ते विचारा, आणि ओली असेल तर तेल बदलल्याची बिलं मागा. जुनी घेताना चढावर रिव्हर्स घेऊन बघा. थरथरली तर सोडून द्या. आणि चालवणारा आयुष्यभर क्लचवर वाढलेला असेल तर त्याला सगळं सांगा. आपण ज्यांना जपतो त्यांच्यापासूनच नेमकं लपवतो, हे मी चौदाव्या वळणावर शिकले आणि मला अजून त्याची लाज वाटते.

परवाच्या रविवारी उशिरा उठले. घर शांत होतं, बाल्कनीतली खुर्ची रिकामी. खाली डोकावले तर पार्किंगमधली जागाही रिकामी. इथून येलहंका म्हणजे शहराचं दुसरं टोक, आणि तिथे आईची शाळेतली मैत्रीण राहते, हे माझ्या डोक्यात यायच्या आत मी फोन शोधायला धावले होते. मग फ्रिजवर चिकटवलेला वहीचा कागद दिसला. गणिताच्या बाईंचं ठळक, सरळ अक्षर.

"येलहंक्याला जातेय. जेवायला थांबू नकोस. क्लचची काळजी करू नकोस, दोन आहेत."