दुर्गाबाईचा आवाज अमरावतीले जाते तेव्हा

सासूची बोलती बंद झाली की सुना मनातल्या मनात पेढे वाटतात म्हणे. आमची सून ज्योत्स्ना उलट्या खोपडीची. सासूले आवाज भेटावा म्हणून तिनं सोताच्या डोक्याचं दही करून घेतलं, अन् संगं माह्याबी.

मी बुधाजी, वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर, राहणार अकोला. माह्या बायकोचं, दुर्गाबाईचं, घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला, पण त्याच्यासंगं आवाजबी गेला. ऑपरेशनच्या आधी ज्योत्स्नानं तिले समोर बसवून शब्द रेकॉर्ड करून घेतले होते. दुर्गाबाई लय चिडली. "मी मरून राहिली अन् हे माह्या आवाजाचं लोणचं घालून राहिली!" पण बोलली बाप्पा. पाणी, चहा, दुखते, चादर, 'डबा राहिला', घरातल्या साऱ्यायचे नावं, सारं बोलली.

ज्योत्स्ना अमरावतीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. तिनं त्या शब्दायचा प्रोग्राम बनवला. पडद्यावर चित्र दाबलं की दुर्गाबाईचा आवाज निघे. पयल्यांदा निघाला तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. रडू आलं, खोटं काहून सांगू?

पण प्रोग्राम चाले फक्त ज्योत्स्नाच्या लॅपटॉपवर. सकाळी ज्योत्स्ना लॅपटॉप घेऊन गाडीले निघाली की दुर्गाबाईचा आवाजबी तिच्या पिशवीत बसून अमरावतीले जाये. मंग दिवसभर दुर्गाबाई ताटावर चमचा वाजवे. मी धावत पाणी नेवो, तं तिले पाहिजे असे चादर. पाणी माह्याच अंगावर.

"आपल्या सुगतच्या कॉम्प्युटरवर टाक नं," मी म्हटलं. सुगत म्हणजे आमचा पोरगा, तिचा नवरा. त्याचा कॉम्प्युटर घरीच असते.

"टाकला मामाजी. नाही चालत."

"काहून? दोन्ही कॉम्प्युटरच हायेत नं?"

तिनं खुर्ची ओढली. "पाहा, प्रोग्रामचे दोन भाग हायेत. एकात आईचा आवाज, दुसऱ्यात चित्रं. चित्रावाला भाग आवाजवाल्याले शब्द मागते. माह्या लॅपटॉपवर लिनक्स हाये. ते म्हणते, या आत, आत आल्यावर भेटन तुमचा माणूस. घरच्यावर विंडोज हाये. ते म्हणते, कोणाकडे जायचं ते आधी लिहून आणा, मंगच आत. तुमी माह्या माहेरी तेल्हाऱ्याले पयल्यांदा आलते, तं पत्ता आणला होता का? स्टँडवरच विचारलं नं? मी प्रोग्रामबी तसाच लिहिला. बिनपत्त्याचा."

"मंग बिघडलं कुठं? पोचलोच होतो नं मी!"

तिनं कपाळावर हात मारला. मले काई समजलं नव्हतं, पण मान हालवली.

आठवडाभरानं तिनं काहीतरी जुगाड केला. घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला, एक तक्रार नाही. दुर्गाबाईनं 'पाणी' दाबलं. चूप. पुन्हा दाबलं. चूप. ते दाबतच राहिली, मंग भिंतीकडे तोंड करून झोपली. मले लय वाईट वाटलं. मी बजारात गेलो, नवा स्पीकर आणला, वायरा बदलल्या. तरी चूप.

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी," ज्योत्स्ना म्हणाली. "स्पीकर चांगलाच हाये मामाजी. माहंच चुकलं. मी आवाजाचा भाग चित्राच्या भागातबी कोंबला. आता आवाजाचे भाग झाले दोन. शब्द भरले एकात, अन् मागून राहिली दुसऱ्याले. छतावरच्या एका टाकीत पाणी चढवलं अन् नळ उघडला दुसरीचा, तसं."

"एकच बाई, तिचा आवाज दोन ठिकाणी कसा राहीन?"

"नाही राहत नं! तेच तं!"

आता माहं डोकं पुरतं आऊट. रविवारी ज्योत्स्ना सकाळपासून बसली. आवाज बाहेर काढून त्याची एकच फाइल केली अन् दोन्ही भागायले तिचाच पत्ता दिला, असं काहीसं सांगे. लिनक्ससाठी प्रोग्राम येगळा बनवा, विंडोजसाठी येगळा. मी दर घडीले विचारो, "झालं का?" शेवटी खेकसली माह्यावर, "झालं की सांगीन नं!" सासऱ्यावर खेकसणारी सून! मी मुकाट्यानं चहा मांडला.

झालं का नाही ते तिनं सांगितलंच नाही. सोमवारी उशीर झालता. घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी चालू करून, लॅपटॉप खांद्यावर टाकून निघाली. फाटकापर्यंत गेली असन.

"ज्योत्स्ना! डबा राहिला!"

आवाज दुर्गाबाईचा. लॅपटॉप फाटकापाशी अन् आवाज घरातून. माह्या हातातला कप तसाच राहिला.

ज्योत्स्ना परत आली. डब्याकडे पाहलंबी नाही. सासूच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडाले लागली. दुर्गाबाई तिच्या केसायतून हात फिरवे अन् दुसऱ्या हातानं तिच्या नावाचं चित्र दाबत राहे. ज्योत्स्ना. ज्योत्स्ना. ज्योत्स्ना.

"पोरी, गाडी जाईन तुही," मी म्हटलं.

दुर्गाबाईनं माह्याकडे असे डोळे वटारले का मी मंग गाडीचं नावच काढलं नाही.