नळी थंड होईपर्यंत

त्याला सगळे भिंगरी म्हणतात. हा माणूस बसलेला कुणी पाहिलेला नाही. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, आणि गाडी दारात थांबते न थांबते तोच हा बॉनेटखाली. शाळेत याचं बूड बाकाला टेकेना, म्हणून शाळेनं घालवून दिलं. पुढं जे शिकला ते भंगारातल्या इंजिनावर. थोरली बहीण शेजारी बसून गाडीचं फाटकं पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि हा बोल्ट खोलायचा. भिंतीवर प्रमाणपत्रं टांगणाऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या याच्या हातून धावायला लागल्यात. त्याचा त्याला माज आहे, आणि का नसावा?

पण त्या दिवशी दारात त्याच ताईची व्हॅन उभी होती आणि तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला होता. ताई सहा वर्षं डायलिसिसच्या पेशंटना दवाखान्यात नेते-आणते. धुराचं नवं प्रमाणपत्र पाच वाजेपर्यंत दवाखान्याच्या टेबलावर पडलं नाही, तर उद्यापासून फेरी दुसऱ्याला. आणि दिवा पेटलेली गाडी तपासणीवाले फाटकातूनच माघारी धाडतात.

खरं दुखणं वेगळंच होतं. चाळीस दिवसांपूर्वी हाच दिवा लागला होता. तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातलं विष मारणारा नळीतला डबा, खरंच मेला होता. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. भिंगरीनं नवा आणला, नळीला स्वतः वेल्डिंग मारलं. महिन्यात दिवा परत हजर. मग हा पार्टवाल्याकडं गेला आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ओरडला, "नकली माल विकतोस! आजारी माणसं बसतात त्या गाडीत!" म्हाताऱ्या दुकानदारानं फक्त चष्मा काढून पुसला. "डबा खरा आहे. तुझं तू बघ."

आता अकरा वाजले होते. भिंगरीनं स्कॅनर जोडला. पडद्यावर दोन रेघा. डब्यापुढच्या सेन्सरची रेघ उड्या मारणारच, तिचं कामच ते. डबा नीट असेल तर मागची शांत राहते. इथं मागचीही पुढचीच्या तालावर नाचत होती.

"बघ! मेलाय डबा. मी म्हणत नव्हतो?"

"तापमान बघितलंस?" ताईनं विचारलं. पुस्तक तिनंच वाचलेलं होतं ना.

त्यानं तापमापक रोखला. डब्याचं मागचं तोंड पुढच्यापेक्षा जास्त तापलेलं. म्हणजे आत विष जळत होतं, डबा काम करत होता.

"मेलेल्याला ताप येतो का रे?" ताई म्हणाली.

मग राहिली एकच गोष्ट: नळीला कुठंतरी भोक, तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि मागच्या सेन्सरला चकवते. त्यानं साबणाचं पाणी नळीवर ओतलं. चर्रर्र! वाफ. बुडबुडा कसला दिसतोय! परत ओतलं. परत वाफ.

"मागच्या वेळीही असंच शोधलंस?"

"मग?"

"गरम नळीवर?"

"थंड व्हायला तास-दीड तास जातो, ताई! वेळ आहे कुणाला?"

ताईनं किल्ली काढून खिशात टाकली. "मला आहे. बस."

पंखा नळीकडं वळवला. भिंगरीनं पाने आकारानं लावले, मग विस्कटले, परत लावले. गॅरेज दोनदा झाडलं. घड्याळाकडं बघितलं, ते चालू आहे ना म्हणून कानाला लावलं. शेजारचा पेंटर डोकावला. "एवढं कशाला? मागच्या सेन्सरला नळकांडं लावून धुराच्या बाहेर ओढ. कॉम्प्युटर गप्प, दिवा गप्प."

भिंगरीनं क्षणभर ताईकडं बघितलं.

"आणि धूर माझ्या पेशंटांनी गिळायचा?" ताई कडाडली. पेंटर पसार.

"वेल्डिंगवर तरी साबण लावला होतास का?" तिनं हळूच विचारलं.

"माझं वेल्डिंग गळत नाही."

"लहानपणी अंथरुणाबद्दलही हेच सांगायचास. गादी वेगळंच बोलायची."

साडेबाराला नळीवर तळहात टेकवता आला. इंजिन बंदच ठेवून त्यानं सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्यांनी ब्लोअर घट्ट बसवला, आत हवा सोडली, साबण फिरवला. सांधे कोरडे, बोल्ट कोरडे. शेवटी आरसा घेऊन आडवा झाला आणि नळीच्या वरच्या अंगाला बघितलं, जिथं मान मोडल्याशिवाय नजर पोचत नाही. त्याच्याच वेल्डिंगच्या शेवटाला, मागच्या सेन्सरच्या दोन बोटं अलीकडं, बारीक फेस उकळत होता. डबा बसवला त्या दिवशी नळी पुरती फिरवायचा कंटाळा करून त्यानं टाका अर्धवट सोडला होता.

तो बराच वेळ गाडीखालीच पडून राहिला.

"मेलास का रे?" ताईनं बुटानं पाय ढोसला.

"नाही. ताप आलाय."

मग नळी उतरवली, घासली, सावकाश टाका मारला. आणि कुणी न सांगता ती थंड व्हायची वाट बघितली. फेस आला नाही. कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला. पण नुसतं पुसून भागत नाही. गाडी फिरून स्वतःची परीक्षा पुरी करेपर्यंत तपासणीवाले हात लावत नाहीत. ताईनं चालवलं, भिंगरी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन गुडघे उडवत होता. चाळीस मिनिटं. पुढची रेघ नाचत होती, मागची झोपलेली.

पाचला दहा मिनिटं असताना कागद दवाखान्याच्या टेबलावर पडला.

परत येताना ताई वाट सोडून पार्टच्या बाजारात वळली.

"इथं कशाला?"

"दुकान उघडं आहे. गिऱ्हाईकही भरपूर आहे."

"उद्या येतो ना."

"ओरडायला उद्यापर्यंत थांबला होतास?"

तो उतरला. गर्दीतून पुढं गेला, काउंटरवर हात टेकले. "डबा खरा होता. टाका माझा कच्चा होता."

दुकानदारानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

भिंगरीनं मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. आवाज तेवढाच मोठा होता, जेवढा त्या दिवशी.

म्हाताऱ्यानं स्टूल पुढं सरकवलं. "बस."

भिंगरी टेकला.