छोटी गाडी मी थांबवली, त्याची हकिकत

गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून मी माहेरी निघाले तेव्हा रेंगीत (बैलांची हलकी गाडी) आधी माझं पोट चढलं, आणि बऱ्याच वेळानं मी. सातवा सरला होता. पाय असे सुजले होते की नवऱ्याच्या वहाणाही तंग होत. छातीतल्या जळजळीचं म्हणाल, तर माझ्या श्वासावर शेजारीण पापड भाजून नेई. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भाऊ परसराम न्यायला आला होता. तो इतका लाजाळू, की गाईशी बोलतानाही मान खाली घालतो.

अर्जुनीच्या ठेसनापर्यंत रखरखीत उन्हाळ्याची वाट. पण आमच्याकडे पोटुशी बाई दारावरून कोरडी जाऊ देत नाहीत. पहिल्या टोलीवर (पाड्यावर) ताक, दुसरीवर गुळाचं पाणी, तिसरीवर आंबील. "पी वं बाई, दोन जिवाची हायेस," म्हणत बाया बैलांपुढं आडव्या उभ्या राहत. मी पीत गेले. वाटेतल्या सगळ्या बोड्या (लहान तळी) आटलेल्या आणि मी एकटी काठोकाठ भरलेली! फरक एवढाच, की बोडीला सांडवा असतो.

अर्जुनीला आम्ही छोट्या गाडीत (अरुंद रुळांच्या आगगाडीत) चढलो आणि गाडी सुटली. मी संडासाकडे वळले, तर दारच दिसेना. मोहफुलांची पोती छतापर्यंत रचलेली, आणि त्यांच्यापुढं त्यांचा मालक, एक सेठ, पानदान उघडून बसलेला. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण त्या दारापर्यंत पोचलं नव्हतं.

"सेठजी, पोते बाजूले करा."

"अरे बहनजी, सौंदड आने दो, वहीं उतार लेंगे. बस, अब्भी आया!"

सौंदड! ती गाडी अशी चाले, की पहिल्या डब्यातून फेकलेला चिंचोका शेवटच्या डब्यातल्यांना झाड होऊन दिसे. मधल्या ठेसनावर मी उतरायला गेले. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, तोवर शिट्टी झाली आणि परसरामानं मला वर ओढून घेतलं. त्यात बाळानं आतून नेम धरून लाथ मारली, ती नेमकी नको तिथं. भर डब्यात लुगडं भिजलं असतं, तर माहेरी कोणत्या तोंडानं उतरले असते? आणि सासरी ती गोष्ट माझ्या आधी पोचली असती.

"परस्या, उतर. पळत जा आन् इंजिनवाल्याले गाडी थांबवाले सांग."

"काऊन थांबवाची म्हणू, बाई?" त्याचे कान लाल झाले.

"सांग, मांगच्या डब्यात पूर येऊन राहिला!"

परसराम उडी मारून पळाला. खोटं सांगत नाही, इंजिनाच्या पुढं निघून गेला, आणि चूक ध्यानात आल्यावर मागं आला. पण खरं सांगायची त्याला लाज. तो ओरडला, "माही बाई (बहीण) बाळंत होऊन राहिली!"

गाडी अशी दचकून थांबली, की सेठचं पानदान सेठच्याच डोक्यावर बसलं. गार्ड धावत आला. "बच्चा कहाँ है?"

"जागच्या जागी हाये," मी म्हणाले, आणि दोन बायांच्या खांद्यावर हात टाकून खाली उतरले. गेले पळसांच्या आड. पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्या शेजारच्या बांधीत (धानाच्या शेतात) त्या वर्षी बिनपावसाचं पीक आलं म्हणतात.

उठून पाहते तो काय! पळसापळसाआड एकेक लुगडं. गाडीतल्या साऱ्या बाया उतरल्या होत्या. सगळ्याच दाबून बसलेल्या, अन् बोलली एकही नव्हती. गार्ड बिचारा पाठ फिरवून शिट्टी फुंकत होता.

"फुक, फुक," एक म्हातारी आडोशातून गरजली. "बाया येतवरी गाडी हालली, त मंग पाहजो!"

परत आलो आणि मी डब्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिले. माझ्यामागं साऱ्या जणी. "आधी पोते."

"बहनजी, टैम हो गया!" सेठ कळवळला.

"मंग हात चालवा."

सेठ, गार्ड आणि परसराम, तिघांनी पोती ओढली. पोती सेठच्या बाकावर चढली, सेठ सौंदडपर्यंत उभा राहिला. संडासाचं दार उघडलं, तेव्हा शंभर बाया अशा ओरडल्या, की नवेगावच्या तलावावरचे बगळे उडाले. शंभरच होत्या. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

गोंदियाला माहेरी मुलगी झाली. ती रडली की गावातले कोंबडे ओशाळत. पावसाळ्यात तिला घेऊन त्याच गाडीनं सासरी परतत होते. परसराम पोचवायला सोबत. समोर एक पोर बसलेली, पाचवा-सहावा महिना असावा. ओठ घट्ट मिटलेले, पायावर पाय दाबलेला. शेजारी सासू लाडवाचा डबा पुढं करून विचारत होती, "आणखी काय खावंसं वाटते तुले?"

पोटुशीला काय खावंसं वाटतं, हे सारं गाव विचारतं. त्यापुढचं कोणी विचारत नाही. मीही आजवर दुसऱ्या बायांना तेवढंच विचारत आले होते. मी मुलगी परसरामाच्या मांडीवर टाकली, त्या पोरीचा हात धरला आणि सासूदेखत, डबाभर ऐकू जाईल असं म्हणाले, "चाल वं, दार मोकळं हाये. मी उभी हाये भायेर."