पडद्यामागून विचारलेलं

टाचणीमावशींना खरं नाव होतं, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. बायकांचे कपडे शिवण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि त्यातला बराचसा वेळ त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्यावरून कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गळ्यात मोजपट्टी, नाकावर चष्मा, दुसरा चष्मा डोक्यावर, आणि तिसरा कुठे ठेवलाय ते शोधण्यात सकाळ जायची.

घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला माणसाएवढा आरसा आणि कोपऱ्यात दांडीवर एक जाड पडदा. पडद्यामागे कपडे बदलायचे आणि आरशासमोर येऊन उभं राहायचं. मग मावशी मागे उभ्या राहून खांदे टाचायच्या, कंबर आवळायच्या, गुडघ्यावर बसून खालचा काठ दुमडायच्या.

आणि बायका बोलायच्या. काय काय बोलायच्या, विचारू नका! नवऱ्याचं, सासूचं, साहेबाचं, शेजारणीचं. टाचण्या तोंडात असल्यामुळे मावशी मधे बोलत नसत, नुसती मान डोलवत. बरं, एका बाईचं दुसरीला कधी सांगितलं नाही. 'मावशींच्या पोटात काहीही ठेवा, राहतं,' अशी त्यांची ख्याती. शिवण तशी बऱ्याच जणी चांगली करतात हो, पण अशी ऐकून घेणारी बाई कुठे मिळते?

आता खरं काय ते सांगून टाकतो. मावशींना त्यातलं निम्मंही ऐकू येत नव्हतं.

हे एका दिवसात झालं नाही. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग फोनवरचे आवाज. मावशी म्हणायच्या, फोन बिघडलाय. नवा फोन आणला, तोही बिघडला! आताशा लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची कायमची तक्रार. दुकानात मात्र त्यांचं झकास चालायचं, कारण आरसा होता. मागे उभं राहून त्या आरशातले ओठ वाचायच्या. हे त्या कुठे शिकल्या नव्हत्या, आपोआप जमत गेलं होतं. समोर तोंड दिसतंय तोवर कुणाची बिशाद नव्हती त्यांना बहिरी म्हणायची.

अडचण पडद्याची. पडद्यामागून आवाज यायचा, पण तोंड दिसायचं नाही. तर त्यावरही तोड निघाली. पडद्यामागची बाई बोलून बोलून काय बोलणार? खांद्यात घट्ट होतंय, लांबी जास्त झाली, कधी देणार. या सगळ्याला एकच उत्तर पुरायचं: "बघू गं, घाई कसली?" पडदा हलला, काहीतरी पुटपुट झाली की मावशी मान वर न करता हे म्हणून मोकळ्या. आणि ते बरोबर बसायचं. दरवेळी.

लेकाला मात्र फसवता येईना. तो नोकरीनिमित्त लांब राहायचा, पण आला की दारात उभा राहून तीन हाका मारायचा आणि आई मशीनवरून ढिम्म हलायची नाही. शेवटी तो त्यांना धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि यंत्र घेऊन दिलं. मावशींनी एक दिवस घातलं. पंखा गरगरतोय, वर्तमानपत्र कडाकडा वाजतंय, स्वतःचं चावणं डोक्यात घुमतंय, आणि मशीन तर गिरणीसारखी! डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडा थोडा वेळ घाला, सवय होईल. मावशींनी दुसऱ्याच दिवशी ते बटणांच्या डब्यात टाकलं.

"अगं, चष्मे तर तीन तीन बाळगतेस," लेक म्हणाला.

"चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो," मावशी म्हणाल्या. "हे लावलं की लोक ओरडून बोलतात, आणि वर मला कळत नाही असं समजून माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात. शिवाय मला कशाला? मला येतंय की ऐकू!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, त्यातलीच गत. पण मूठ सारखी झाकून धरायची तर त्या हातानं दुसरं काही धरता येत नाही, हे कोण सांगणार?

मावशींना एक बहीण. धाकटी. टपाल कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, दोन गल्ल्या पलीकडे एका वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायची. दर रविवारी सकाळी ती मावशींकडे यायची. चहा व्हायचा, भांडण व्हायचं, मग जेवण. मावशींना ती अजूनही 'बाळ' म्हणायच्या, आणि बाळाचे केस केव्हाच पांढरे झालेले. दोघी एकाच माळेचे मणी. कुणापुढे हात पसरायचा म्हटलं की जीव जायचा.

तर त्या धाकटीला घरमालकानं खोली सोडायला सांगितली. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला जागा हवी होती. मालक तरी काय करणार? धाकटीनं इकडे तिकडे खोल्या पाहिल्या. एकट्या म्हाताऱ्या बाईला कुणी खोली देईना. मावशींची मागची खोली रिकामीच होती, तिथे कापडाच्या चिंध्या आणि लेकाचं जुनं कपाट. विचारायला काय हरकत होती? पण विचारायचं कसं! आठवडाभर ती आपल्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहून शब्द जुळवत होती. समोरासमोर काही जमेना.

रविवारी ती आली तेव्हा तिचा कोट उसवून पुन्हा शिवून तयार होता. तो घालून बघायला ती पडद्यामागे गेली. आणि तिथे, ताईचं तोंड दिसत नाही एवढ्या आधारावर, तिनं विचारून टाकलं.

"ताई, मालकाला खोली परत हवीय. तुझी मागची खोली मोकळीच असते. मी येऊ का गं तुझ्याकडे राहायला? कायमची?"

मावशी टेबलाशी एका बाहीला काठ घालत होत्या. पडदा हलला, काहीतरी पुटपुट झाली. खांद्यात घट्ट होत असेल.

"बघू गं," त्या म्हणाल्या, "घाई कसली?"

मग धाकटी बाहेर आली, कोटाची नीट घडी घातली, "छान झालाय" म्हणाली आणि जेवायला न थांबता गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मावशींनी दोघींचा स्वयंपाक करून ठेवला, एकटीनं खाल्ला आणि चिडल्या. कोट बिघडला असेल तर तोंडानं सांगावं, हे काय रुसून बसणं! या वयात! फोन करता आला असता, पण फोनवर काय ऐकणार, डोंबल? उठून जाता आलं असतं, पण मी मोठी, मी का जाऊ? सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. रविवार मात्र खायला उठायचा. चहाचा दुसरा कप त्या सवयीनं काढायच्या आणि परत ठेवून द्यायच्या.

मग एका दुपारी धाकटी आली. हातात मोठी प्रवासाची बॅग. आरशासमोर बँकेत काम करणारी एक बाई अर्ध्या बाहीनिशी उभी होती, मावशी मागून तिचा दंड टाचत होत्या. धाकटी दारातच थांबली. मावशींना ती आरशात दिसली.

"हिची चेन तुटलीय," धाकटीनं बॅग पुढे केली. "बदलून दे. परवा निघायचंय."

"कुठे?"

"आत्येभावाच्या मुलाकडे. जिन्याखाली एक खोली आहे म्हणतो. मी तिकडेच राहणार आता."

तो आत्येभावाचा मुलगा गाडीनं दिवसभराच्या अंतरावर. मावशींनी टाचण्या तळहातावर काढल्या. "आणि मला न विचारता?"

"विचारलं होतं की. कोट घालून बघताना. येऊ का राहायला म्हणून विचारलं, तर म्हणालीस, बघू, घाई कसली. मी काय समजायचं ते समजले."

मावशींनी वळून पाहिलं. पडदा तिथेच कोपऱ्यात लोंबत होता.

"अगं वेडे, मग ये की! आज ये, आत्ता ये!"

"आता नको," धाकटी म्हणाली. "बॅग बघून कीव आली असेल तर ती नको मला. तुझ्या मनातलं तू तेव्हाच बोललीस."

आता घ्या. हिला काय सांगितलं म्हणजे पटेल? हजार वेळा 'ये' म्हटलं तरी ती येणार नव्हती, मावशी तिला चांगल्या ओळखत होत्या. एकच वाक्य चालणार होतं, आणि ते नेमकं त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. समोर बँकवाली उभी, कान टवकारून. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार.

"मला ऐकू आलं नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"काहीतरीच सांगू नकोस. सगळ्या गल्लीची सुखदुःखं तुला ठाऊक."

"ओठ वाचते मी. आरशात. पडद्यामागचं एक अक्षर कळत नाही मला. कित्येक वर्षं झाली."

बँकवालीचा हात कपाळावर गेला. "अगंबाई! म्हणजे मी माझ्या सासूबद्दल जे जे सांगितलं..."

"तोंड खाली घालून रडायचीस तेवढं राहिलं," मावशी म्हणाल्या. "बाकी सगळं पोचलं."

धाकटी हसली नाही. तिला अजून खरं वाटत नव्हतं. मग मावशींनी बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळत जमिनीवर गेली. त्यातून ते यंत्र निघालं, आणि एका पाकिटात बटणाएवढे सेल. सेलवरचा चिकट कागद सोलायला नखं लागतात म्हणे. मावशींनी टाचणीच्या टोकानं तो अलगद काढला, सेल बसवला आणि दोघींच्या देखत यंत्र कानात घातलं.

पंखा गरगरायला लागला. बँकवालीच्या बुटाखाली एक बटण चिरडलं. मोरीतला नळ गळत होता, केव्हापासून कोण जाणे. केवढा हा गोंगाट!

"आता येतंय?" धाकटी ओरडली.

"येतंय. ओरडू नकोस. जा, पडद्यामागे जा आणि पुन्हा विचार."

"काय पोरखेळ आहे, ताई!"

"जा म्हणते ना."

धाकटी गेली. पडदा हलला आणि थांबला. ती विचारणारच नाही, असं मावशींना वाटलं.

मग आवाज आला. हळू, चिरकलेला, शेवटी शेवटी कापणारा. आपल्या बाळाचा आवाज इतका म्हातारा झालाय, हे मावशींना ठाऊकच नव्हतं.

"ताई, येऊ का गं मी तुझ्याकडे?"

मावशींनी मान डोलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या आपल्या जोरजोरात मान डोलवत राहिल्या, वर्षानुवर्षं डोलवली तशी. पडद्यामागे काहीच हालचाल नव्हती. तिथून मान दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"ये," त्या म्हणाल्या. आणि तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून पुन्हा मोठ्यांदा म्हणाल्या, "ये गं, बाळ."