गीरचा सिंह आणि आबांची अट

परवा दुपारची जेवणं उरकली आणि माझ्या नातीने, सईने, बसल्या जागी मोबाईलवर गीरची सफारी बुक केली. तारीख, वेळ, जीप... सगळं दहा मिनिटांत! मी म्हटलं, बाई गं, ह्याच कामाला मला तीन महिने लागले होते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा. मी नगरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि शनिवारी एसटीने घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवर जायचे. एकदा वर्गात गीरचं जंगल शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का सिंह?" मी ठसक्यात सांगून टाकलं, फेब्रुवारीत पाहून येते!

बोलून तर बसले. आता माघार घेणं माझ्या स्वभावातच नाही.

सोबतीला वडील, म्हणजे आबा, हवेत हे उघड होतं. त्या काळी एकट्या मुलीला तितक्या लांब कोण पाठवणार? पण आबांना तर माझ्याहून जास्त हौस. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांची हयात गेली होती. म्हणायचे, "बाजारात न येनारं येवढं एकच जनावर बगायचं ऱ्हायलंय."

मग काय, लागले कामाला. नगरहून एसटीने मुंबई, तिथून रेल्वेने अहमदाबाद, पुढे छोट्या रुळांच्या गाडीने गीरच्या तोंडाशी असलेलं सासण... सगळं वहीत लिहून काढलं. गीर तेव्हा नॅशनल पार्क झालं नव्हतं, नुसतं अभयारण्य होतं. तिकडच्या वनखात्याच्या ऑफिसला मी शुद्ध हिंदीत पत्र धाडलं आणि महिन्याभराने उत्तरही आलं.

मी ते आबांना गोठ्यात उभं राहून मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. राहायची सोय आहे, वाटाड्या मिळेल, आणि सिंह हमखास दिसावा म्हणून एक रेडकू बांधलं जाईल... तेव्हा तशीच पद्धत होती. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट केवढी पक्की व्यवस्था, असंच वाटलं!

आबा वैरण टाकता टाकता थांबले. म्हणाले, "आन् त्याचं दावं कोन घरी नेनार?"

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे गळ्यातली दोरी, विकत नाहीत. सौदा झाला की मालक आपलं दावं सोडून घेतो, घेणारा स्वतःचं बांधतो. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. आबांच्या खुंटीवर अशी कितीतरी दावी होती आणि कुठलं कोणाचं हे त्यांना अंधारात हाताला कळायचं.

मी चिडले. म्हटलं, आबा, आपणही रेडकं विकतोच की, ती काय सगळी म्हातारी होऊन मरतात? त्यांनी उरलेली वैरण टाकली. मग म्हणाले, "मला बी ठाव हाय ते. पन म्या तिकीट काडून बगाया जात न्हाई."

मी फणकाऱ्याने पत्राची घडी घातली.

त्यांनी मला दुसरं पत्र लिहायला लावलं. आम्ही येतो, पण आमच्यासाठी रेडकू बांधू नका. उत्तर आलं, जशी आपली मर्जी, मग आमची जबाबदारी नाही. मी मनातून धास्तावले होते... वर्गाला शब्द दिलेला! तरी निघालो.

आणि सिंह दिसला नाही. दोन दिवस रान तुडवलं, काही नाही. शेजारच्या खोलीतली मंडळी मात्र रेडकू बांधवून संध्याकाळी पाच सिंह पाहून आली आणि चहा पिता पिता रंगवून सांगत बसली. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

शेवटच्या सकाळी वाटाड्याने धुळीत एक ताजा ठसा दाखवला. आबा उकिडवे बसले, त्याच्या शेजारी आपला पंजा टेकवला आणि लहान मुलासारखे हसले. "निवांत गेलाय गडी," म्हणाले, आणि ठसा मोडू नये म्हणून वळसा घालून पुढे गेले. मी मुंबई येईपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

शाळेत मात्र खरं तेच सांगितलं. फळ्यावर तो ठसा होता तेवढाच काढला. मुली एकेक करून येऊन त्यावर हात ठेवून बघत होत्या... माझा वर्ग इतका शांत मी पुन्हा कधी पाहिला नाही.

तर परवा बुकिंग झालं आणि सईचा चेहरा पडला. मोबाईलवर नियम आले होते. जनावरांना आमिष दाखवण्यास सक्त मनाई. सिंह दिसेलच याची खात्री नाही. "आजी, हे काय गं? एवढं करून खात्रीच नाही?"

मी हसत सुटले. हसता हसता डोळे कधी भरले, कळलंच नाही. आबांनी गोठ्यात उभं राहून घातलेली अट आता छापून येतेय! आणि मी त्यासाठी त्यांच्याशी अबोला धरला होता... ते मनाला फार लागलं.

आबा, तेव्हा म्हणायचं राहिलं, आज म्हणते. तुमचंच बरोबर होतं. पुढच्या महिन्यात आम्ही निघतोय, तुमच्याच अटीवर. दिसला तर दिसला!